बारावीत आजारपण आलं तर: पेपर द्यावेत की वर्ष सोडावं?

बारावी सायन्सला असताना दिवाळीच्या तोंडावर मला टीबी निघाला. घरात लगेच दोन पक्ष पडले. बाबांचं म्हणणं, जमतील तसे पेपर देऊन टाक. आजीचं म्हणणं, जीव आधी, वर्षाचं काय एवढं. मी बाबांच्या पक्षात गेलो. पण आजी चुकीचं बोलत नव्हती, आणि काही मुलांना तिचंच ऐकावं लागेल.

टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं, त्यातले पहिले दोन महिने चार-चार औषधांचे. त्या दिवसांत मला वरणभात जात नव्हता, तिथे इंटिग्रेशन कुठलं डोक्यात शिरणार! वर्ष सोडलं की हा काळ शांतपणे काढता येतो आणि पुढच्या फेब्रुवारीतल्या परीक्षेची मार्कशीट नीट येते. बीए, बीकॉमसारख्या कोर्सना बऱ्याच कॉलेजांत बारावीच्या टक्क्यांवरच मेरिट लिस्ट लागते, तिथे हा फरक मोठा. आयआयटी डोक्यात असेल तर आणखी एक गोष्ट. जेईई ॲडव्हान्स्डच्या दोन संधी बारावीला पहिल्यांदा बसता त्या वर्षापासून लागोपाठच्या दोन वर्षांतच मिळतात. अंगात ताप असताना पेपर दिलेत तर त्यातलं एक वर्ष तिथेच खर्ची पडतं. अशा मुलाला मीही थांब म्हणेन.

माझं लक्ष मात्र सीईटीवर, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेवर होतं. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. त्यापुढे सगळा खेळ सीईटीच्या पर्सेंटाइलचा, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे राहिली त्याचा. नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांचंही थोडंफार तसंच: पीसीबीला (मॅथ्सऐवजी बायो) खुल्या प्रवर्गाला ५० टक्के हवेत, आणि किती वेळा बसायचं यावर बंधन नाही. म्हणून मी पेपर दिले, पुढचं वर्ष प्रकृती आणि सीईटी यांना दिलं. मार्कशीट पाहुण्यांना दाखवण्यासारखी नव्हती, पण कॅप राउंडमध्ये (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत) तिने कुठे अडवलं नाही. फारच खुपली तर मार्क वाढवायला पुन्हा पेपर देण्याची बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहेच.

खरं सांगायचं तर माझा निर्णय टक्क्यांनी नाही, जर्नलने, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीने केला. वर्ष सोडलेल्या मित्राला पुन्हा कॉलेजात नाव घालावं लागलं. पुन्हा ७५ टक्के हजेरी, ज्युनिअर पोरांच्या बॅचमध्ये तेच टायट्रेशन, आणि फिजिक्स-केमिस्ट्री-बायो तिन्हींची जर्नल पहिल्या पानापासून. सही करणारे सर कधी लॅबमध्ये तर कधी रजेवर. त्या सह्यांसाठी तो जितका फिरला तितका डॉक्टरकडेही गेला नसेल. माझी जर्नल तोवर अर्धी झाली होती, उरलेल्या आकृत्या ताईने काढल्या (हे कॉलेजला अजून माहीत नाही). ते काम पुन्हा करायचं या कल्पनेनेच मला कणकण यायची. प्रॅक्टिकलच्या दिवशीच अंथरुणाला खिळलात तर लेखी परीक्षेनंतर बोर्डाची 'आउट ऑफ टर्न' प्रॅक्टिकल असते, त्यासाठी कॉलेजला वेळेत कळवा.

शिक्षणातल्या गॅपचं म्हणाल तर तो दोन्हीकडे पडतो. मला ॲडमिशनच्या वेळी स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट द्यावं लागलं, एका सकाळचं काम. उपचाराचे कागद मात्र सगळे जपून ठेवा, केस पेपरपासून औषध संपल्याच्या दाखल्यापर्यंत.

हा एका माणसाचा अनुभव, आणि माझा आजार औषधाला पटकन वळला होता. तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. ते हो म्हणाले, तर जानेवारीत घरी घड्याळ लावून तीन तासांचा एक पेपर सोडवून बघा. दीड तासात आडवं व्हावं लागलं तर आजीचं ऐका. कसाबसा पुरा झाला, तर मी म्हणेन हॉल तिकीट घ्या.