पिम्सलर: रशियन आणि तागालोग, दोन्हींना एकच साचा

पिम्सलर म्हणजे ऐकून-बोलून भाषा शिकवणारा कोर्स. अर्ध्या तासाचा एक, असे एका पातळीत ३० धडे. जवळजवळ सगळं कानाने. रशियनला हे कमी पडतं. सहा विभक्त्यांचे प्रत्यय आघात (अक्षरावरचा जोर) नसला की पुसट ऐकू येतात, ‘ओ’चा ‘अ’ होतो. छापील तक्ता शेजारी हवाच. आघातही नीट पकडा: ‘झामक’ म्हणजे किल्ला, ‘झमोक’ म्हणजे कुलूप.

तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या भाषेत, लिंगाची कटकट नाही, तो-ती दोघांनाही ‘सिया’. ‘तायो’ आणि ‘कामी’ म्हणजे आपलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’. मराठी माणसाला हा धडा फुकटच! गोची क्रियापदात आहे. ‘कुमाइन’ म्हटलं की भर खाणाऱ्यावर, ‘किनाइन’ म्हटलं की खाल्लेल्या पदार्थावर. मूळ ‘काइन’मध्ये घुसलेले ‘उम’ आणि ‘इन’ नुसतं ऐकून सुटे होत नाहीत. धडा संपला की क्रियापदं वहीत फोडून लिहा.