त्रॉनहाइमचा वर्ग आणि टीव्ही फाइव्ह माँदचं कोठार: फुकटात नॉर्वेजियन, फुकटात फ्रेंच

नॉर्वेजियनसाठी त्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा 'नॉर्वेजियन ऑन द वेब' हा कोर्स, आणि फ्रेंचसाठी टीव्ही फाइव्ह माँद या वाहिनीचं फ्रेंच शिकवणारं संकेतस्थळ. दोन्ही फुकट, दोन्ही मन लावून बनवलेले. पण कोरी पाटी घेऊन बसणाऱ्याला पहिला पुरतो आणि दुसरा पुरत नाही. निम्मं कारण मांडणीत आहे, निम्मं त्या त्या भाषेत.

एनटीएनयूचा कोर्स सरळ दहा धड्यांचा. अ‍ॅना, केन, मारिया आणि पीटर हे परदेशी विद्यार्थी त्रॉनहाइमला शिकायला येतात आणि त्यांच्या रोजच्या व्यवहारातून भाषा पुढे सरकते. प्रत्येक धड्यात पाठ, त्याचं ध्वनिमुद्रण, इंग्रजीतून समजावलेलं व्याकरण, उच्चार आणि स्वाध्याय. कशानंतर काय करायचं हा प्रश्न पडतच नाही, आणि स्वतः शिकणाऱ्याचा निम्मा वेळ याच प्रश्नात जातो. रूप जुनाट आहे, बक्षिसं-बिक्षिसं नाहीत, आणि तुम्ही बोललेलं वाक्य बरोबर की चूक हे कोणी सांगत नाही. दहा धडे संपले की ए१ पातळी होते, म्हणजे ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जाणाऱ्या युरोपीय मोजपट्टीची पहिली पायरी. ए२ साठी पुढचं साधन शोधावं लागतं.

दहा धड्यांत इतकं मावतं याचं श्रेय भाषेलाही द्यायला हवं. नॉर्वेजियन क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. मी, तू, ती, आम्ही, ते, सगळ्यांना 'आहे'साठी एकच 'एर'. फ्रेंचमध्ये याच क्रियापदाची वर्तमानकाळातच सहा रूपं पाठ करावी लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी नॉर्वेजियनला २४ आठवडे धरते आणि फ्रेंचला ३०. ते पूर्णवेळ वर्गाचे आठवडे आहेत, पण अंतराचा अंदाज येतो.

नॉर्वेजियन अडते ती शब्दक्रमात. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी हवं म्हणजे हवंच. 'मी आज मासे खातो'ची सुरुवात 'आज'ने केली, तर 'ई दाग स्पीसेर याइ फिस्क', म्हणजे आज–खातो–मी–मासे. इंग्रजीच्या आधाराने शिकणारा 'ई दाग याइ स्पीसेर' असं लिहून मोकळा होतो. त्यात नकार आला की आणखी गोची. मुख्य वाक्यात 'इक्के' क्रियापदानंतर येतो: 'याइ स्पीसेर इक्के फिस्क'. 'कारण'ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात तोच आधी सरकतो: 'फोर्दी याइ इक्के स्पीसेर फिस्क'. नियम दोन ओळींचा, अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. उपाय कंटाळवाणा पण हमखास आहे. धड्यातलं प्रत्येक वाक्य काळ किंवा स्थळ पुढे आणून परत लिहायचं. कोर्समधले स्वाध्याय यासाठी थोडे पडतात.

निश्चित उपपद नामाच्या शेपटीला लागतं: 'एन बील' म्हणजे एक गाडी, 'बीलेन' म्हणजे ती गाडी. मराठी माणसाला प्रत्यय नवे नाहीत आणि तीन लिंगंही नवी नाहीत, त्यामुळे हा भाग इंग्रजांपेक्षा आपल्याला हलका जातो. विशेषण आलं की पुढे 'देन' आणि मागे 'एन' दोन्ही लागतात, 'देन स्तूरे बीलेन', तेवढं सांभाळायचं.

खरी फजिती होते कानाची. कोर्स बूकमॉल ही लेखनपद्धती शिकवतो, पण नॉर्वेत बोलण्याची अधिकृत प्रमाणभाषा अशी नाही. 'मी' हा शब्द ऑस्लोत 'याइ', बर्गनमध्ये 'एग', तर त्रॉनहाइमच्या रस्त्यावर 'अ‍ॅ'. मंत्री असो की प्राध्यापक, आपल्या गावच्या बोलीतच बोलतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एनटीएनयूने संवाद वेगवेगळ्या बोलींत ऐकायची सोय ठेवली आहे. ही या कोर्सची सर्वांत मोलाची गोष्ट, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळून पुढे जातात. आधी पूर्वेकडची बोली पक्की करा, पाचव्या-सहाव्या धड्यापासून तोच संवाद दुसऱ्या बोलीत ऐका.

उच्चारासाठी याच विद्यापीठाचं 'कॅल्स्ट' नावाचं वेगळं साधन आहे. ते तुमची मातृभाषा विचारतं आणि तिच्यात नसलेले ध्वनी पुढे काढतं. पत्राच्या मायन्यातल्या 'प्रिय' या अर्थाच्या नॉर्वेजियन शब्दाचा पहिला ध्वनी जीभ टाळूजवळ नेऊन, 'ह्य'सारखा काढायचा असतो. आपला 'श' वापरला की त्याचा 'कापणे' होतो. तरुण नॉर्वेजियनांतही हे दोन ध्वनी एक होत चालले आहेत, तेव्हा फार घाबरायचं कारण नाही.

आता टीव्ही फाइव्ह माँद. हे कोठार आहे. बातम्या, माहितीपट, मुलाखती यांचे छोटे तुकडे, ए१ ते बी२ अशा पातळ्यांत लावलेले, प्रत्येकाबरोबर काही स्वाध्याय आणि बहुतेकांना संहिता. माल अस्सल आहे. नवशिक्यांसाठी 'प्रमियेर क्लास' नावाचा संग्रह आहे आणि टीसीएफ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचा सरावही. पण व्याकरणाचा सलग धागा नाही. आज बाजारहाट, उद्या हवामान, परवा कुठलासा महोत्सव, आणि भूतकाळ कधी शिकायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. ए१ वर याला एकट्याला धरून बसलेला माणूस महिन्याभरात शंभर नामं ओळखतो आणि एक वाक्य जुळवू शकत नाही. शाळेत आठवी ते दहावी फ्रेंच घेतलेल्या, किंवा अलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए२ केलेल्या माणसाला मात्र यापेक्षा चांगलं काही फुकटात मिळणार नाही.

फ्रेंचमध्ये कागद आणि कान यांचं जमत नाही. 'बोलणे'ची मी, तू, तो, ते यांची चारही रूपं लिहिताना पाहा: मी आणि तो यांचं एकसारखं, तूला शेवटी एस, तेला ई-एन-टी. ऐकताना चारही 'पार्ल'. म्हणून व्हिडिओ पाहताना संहिता आधी उघडायची नाही. उघडली की डोळा कानाचं काम करून टाकतो आणि श्रवणाच्या परीक्षेत दांडी उडते. संहिता नसताना दोनदा, मग संहितेसह एकदा, मग पुन्हा झाकून, हा क्रम ठेवा.

शब्द जोडून म्हणण्याची पद्धतही ऐकूनच कळते. 'मित्र'चं अनेकवचन 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी'. पण 'नायक' म्हणायचं असेल तर 'ले एरो' सुटंच ठेवायचं, कारण 'लेझेरो' म्हटलं की त्याची शून्यं होतात. 'वर' आणि 'खाली' हे दोन्ही शब्द आपण 'दसू' म्हणून जातो. 'वर'साठी ओठ 'ऊ'चे ठेवून आत 'ई' म्हणायचं. आरसा समोर धरा, ओठ हलले तर चुकलं. अनुनासिकं मराठी कानाला तितकी जड जात नाहीत.

आकड्यांत दोन्ही भाषांची गंमत आहे. फ्रान्समध्ये सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. फोन नंबर दोन-दोन आकड्यांनी सांगतात, त्यामुळे 'साठ' ऐकून ६ लिहिता आणि मागून 'सतरा' येतं, की तो ७७ असतो. म्हणून जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन टेकवायचं नाही. नॉर्वेने १९५१ साली 'दोन-आणि-पन्नास' मोडीत काढून 'पन्नास-दोन' रूढ केलं, तेही टेलिफोनच्या सोयीसाठी. वयस्क माणसं अजून जुनंच म्हणतात, आणि 'बावन्न' म्हणणाऱ्या आपल्याला ते परकं वाटू नये.

परीक्षेचा हिशेब आधी करा. फ्रेंचची डेल्फ भारतात देता येते: चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतर योजनेला मात्र डेल्फ चालत नाही, तिथे टेफ किंवा टीसीएफची कॅनडासाठीची परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. नॉर्वेजियनची सरकारी परीक्षा नॉर्वेतच होते, आणि २०२२ पासून तिथल्या नागरिकत्वासाठी तोंडी बी१ लागतं. दोन वर्षांच्या इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला जाणाऱ्याला एनटीएनयूचे दहा धडे पुष्कळ. जोडीदाराबरोबर तिथे राहायला, नोकरी शोधायला जाणाऱ्याने त्यांच्यावर थांबू नये.

ए२ नंतर फ्रेंचसाठी आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र ऐका, सोबत संहिता मिळते. नॉर्वेजियनमध्ये त्याच्या जवळचं म्हणजे 'क्लार ताले' हे सोप्या भाषेतलं वृत्तपत्र, ध्वनिरूपातही मिळतं. एनआरके वाहिनीचे बरेच कार्यक्रम भारतातून दिसत नाहीत, आणि दिसतात त्यांतही माणूस बोलीत बोलत असतो, खालची ओळ बूकमॉलमध्ये आणि बरीच आखडून दिलेली असते. तिच्यावरून शब्दन्‌शब्द लिहून काढायचा सराव करू नका.