शमीची जुडी आणि ९०० रुपये

टिळक रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन शनिवार, ५ ते ७, फी ९०० रुपये. विषय : ग्रीक-रोमन आणि आपल्या कथांमधलं रूपांतर, म्हणजे माणसाचं झाड, दगड, प्राणी होणं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून असे वर्ग मी बरेच केलेत. बहुतेक ठिकाणांहून एक फाइल आणि बॉलपेन तेवढं घरी येतं. इथे तेही नाही.

पहिला शनिवार अहल्येचा. शिकवणाऱ्या बाईंनी वाल्मीकींचं बालकांडच उघडून दाखवलं. त्यात शिळा नाहीच! वारा खाऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता तू इथेच राहशील, असा गौतमांचा शाप. जन्मभर ‘अहल्या शिळा’ म्हणत आलेली मी निमूट वहीत लिहून घेतलं. मग ग्रीक कथेतली डॅफ्नी. अपोलो देव पाठीस लागलेला, ती नदीदेव असलेल्या बापाला हाक मारते आणि तिचं लॉरेलचं झाड होतं. अपोलो त्याच झाडाच्या पानांचा मुकुट करून मिरवतो. मागून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “म्हणजे सुटली नाहीच की!” माझे ३०० तिथेच वसूल.

दुसऱ्या शनिवारी शापाने नहुष राजाचा अजगर होईपर्यंत प्रोजेक्टरचाच दगड झाला होता. अर्धा तास गेला.

तिसरा मात्र सुरेख. फिलेमॉन आणि बॉकिस हे गरीब म्हातारा-म्हातारी. वेष पालटून आलेल्या ज्युपिटर-मर्क्युरी या देवांना हजार घरांनी दार लावलं, यांनी घरातला एकुलता हंस कापायची तयारी केली. तो हंस पळत जाऊन देवांच्याच आश्रयाला बसला! दोघांनी वर मागितला तो एकाच वेळी मरण्याचा. शेवटी देवळापाशी ती शेजारी-शेजारी झाडं झाली, एक ओक आणि एक लिंडन. लगेच बाईंनी गणेशपुराणातले शमी-मंदार काढले. तेही नवराबायको, तीही झाडं झाली. पण भक्ती करता करता सोंड फुटलेल्या भ्रुशुंडी ऋषींना हसले म्हणून. गणपतीने त्यांना परत माणूस केलं नाही. मंदाराच्या मुळाशी मी राहीन, शमी मला प्रिय होईल, म्हणाला. मंडईत चाळीस वर्षं पत्री घेताना मी जुडी ताजी आहे का एवढंच बघत आले.

एक तक्रार. “आपल्याकडे उःशाप असतो, त्यांच्याकडे नाही,” असं बाईंनी ठोकून दिलं. मी ग्रीक कथेतल्या आयोचं नाव काढलं. तिची गाय झाली होती आणि ती पुन्हा बाई झाली, वर इजिप्तमध्ये देवी म्हणून पुजली गेली. “तो अपवाद,” म्हणून बाई पुढे सरकल्या. अपवादावर दहा मिनिटं द्यायला काय हरकत होती? प्रोजेक्टरला तीस दिलीच की.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. मी नाव दिलंय. दुचाकी लांब लावावी लागते, आणि चहा घरूनच पिऊन जा.