सात महिने टी-बार टॅग वापरल्यावर: वजन सोडा, शेवाळ बघा

माशांच्या ओळखीसाठी मी टी-बार टॅग लावतो: कातडीखाली रुतणारा टी आकाराचा प्लास्टिकचा काटा आणि बाहेर लोंबणारी नंबरची बारीक नळी. मागच्या आठवड्यात, मासा किती प्रवाहाला टिकतो ते बघायच्या वाहत्या पाण्याच्या नळकांड्यात, कार्पची एक बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) मागच्या जाळीला जाऊन चिकटली ती सुटेचना. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी चांगलं सांगतो. टॅग स्वस्त आहेत, बंदुकीने पटापट लागतात, नंबर नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो. ते आता मागे घेतो, निदान बोटुकलीपुरतं तरी.

त्या माशाच्या पाठीवरच्या पराखाली टॅग होता आणि त्याच्या लोंबत्या नळीवर हिरव्या बुळबुळीत शेवाळाची झालर. नळी दुप्पट जाड दिसत होती. प्रवाह वाढवला की ती फडफडायची, मासा एका कुशीवर कलायचा आणि तोल सावरायला छातीचे पर मारत राहायचा. टॅग रुतला होता तिथली कातडी लाल, सोललेली. ओल्या कापसाने टॅग पुसला, माशाला दिवसभर विश्रांती दिली. दुसऱ्या दिवशी तोच मासा त्याच वेगाला टिकला. एकावर विश्वास ठेवू नये म्हणून आणखी काही पुसून पाहिले, बहुतेकांचं तेच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वजन माशाच्या दोन टक्क्यांच्या आत आहे.’ पुन्हा विचारलं, पुन्हा वजनच! अहो, वजन मासा वाताशयात, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीत, थोडी हवा वाढवून बऱ्यापैकी सांभाळतो. पाण्याच्या रोधाला तसा उपाय नाही. वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. मोठ्या माशाला हे जाणवतही नसेल, पण टॅग तोच आणि मासा बोटाएवढा असला की सगळं गणित फिरतं.

माझीही चूक झाली. टॅग लावल्यावर आठवडाभरातच चाचणी घेतली, तीही झटक्यात पळण्याची. फरक दिसला नाही. टॅग तेव्हा स्वच्छ होते. मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट यांनी 1964 मध्ये मांडलेली, पायरीपायरीने वेग वाढवत मासा थकेपर्यंत घ्यायची चाचणी महिन्यामहिन्याने लावली असती, तर हे केव्हाच कळलं असतं.

आता लहान माशांना पोटात बसणारा 12 मिलिमीटरचा पिट टॅग (नंबर साठवलेली छोटी इलेक्ट्रॉनिक चिप) लावतोय. महाग आहे, रीडरशिवाय वाचताही येत नाही. खर्च टोचतो, पण प्रवाहात लोंबणारं काही नाही. टी-बारची उरलेली दीड पाकिटं मोठ्या माशांसाठी ठेवली आहेत, आणि दर वेळी जाळ्यात आले की टॅग पुसतो.