वादळात लाईट गेली तर: डिझेलवर तगणारी अणुभट्टी बरी की टाकीतल्या पाण्यावर?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोलीत आमच्या घरची लाईट गेली ती परत यायला तीन आठवडे लागले. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या मंगल कार्यालयातला जनरेटर सुरू केला. तासाभरात धापा टाकून बंद. डिझेल वर्षभर टाकीत पडून होतं, तळाचा गाळ फिल्टरमध्ये आला होता. सकाळी फिल्टर धुतला, तर डिझेल संपत आलेलं आणि पंपाकडे जाणारा रस्ता आडव्या पडलेल्या आंब्या-फणसांनी बंद. जनरेटर असणं आणि जनरेटर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं.

ही गोष्ट आठवली ती राजापूरकडच्या मावसभावाच्या फोनमुळे. माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या उभ्या करायची बोलणी वर्षानुवर्षं चालू आहेत, हाच जैतापूर प्रकल्प. गावात पुन्हा चर्चा निघाली की बोलायचं काय, हे त्याला ठरवायचंय. प्रकल्प हवा की नको हे मला विचारू नकोस, म्हटलं. पण वादळात बाहेरची लाईट तुटली तर कुठल्या जातीची भट्टी किती तग धरते, एवढं शेजारी-शेजारी मांडून देतो.

आधी मूळ अडचण. अणुभट्टी बंद केली तरी गार होत नाही. अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया सेकंदांत थांबते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के, एक दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का. अर्धा टक्का किरकोळ वाटतो म्हणून हिशेब केला. जैतापूरसाठी ठरलेल्या ईपीआर नावाच्या फ्रेंच भट्टीची वीज १,६५० मेगावॉट, पण आतली उष्णता साडेचार हजार मेगावॉटच्या वर. त्याचा अर्धा टक्का म्हणजे बावीस-तेवीस मेगावॉट. एवढी उष्णता नुसतं पाणी उकळून काढायची तर दहा हजार लिटरचा टँकर वीस मिनिटांच्या आत रिकामा होतो. तोही बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी. हे पाणी ढकलायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि बंद पडलेलं केंद्र ती वीज एरवी बाहेरच्या तारांवरूनच घेतं.

ईपीआरचं उत्तर आहे: डिझेल, आणि भरपूर. प्रत्येक भट्टीला चार मोठे डिझेल जनरेटर, शिवाय तेही पडले तर दोन छोटे. ते भट्टीच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या इमारतींत विभागलेले, म्हणजे एका बाजूला आग लागली किंवा पाणी शिरलं तरी दुसरी बाजू शाबूत. इंधन वितळलंच तर ते पसरवून गार करण्यासाठी खाली खास जागा केलेली आहे. सगळं दणकट. पण सगळं फिरत्या यंत्रांवर.

एपी १००० ही अमेरिकन भट्टी उलट्या विचाराची. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यातल्या कोव्वाडाला तिचा प्रस्ताव आहे, आणि तो किनारा तर चक्रीवादळांचा नेहमीचाच. इथे भट्टीवरच्या पोलादी घुमटाच्या वर पाण्याची टाकी असते. वीज गेली की झडपा उघडतात, पाणी आपल्या वजनाने घुमटावर ओघळतं, बाहेरची हवा त्याची वाफ घेऊन जाते. डिझेल नाही, पंप नाही, माणसाचा हात नाही, असे ७२ तास निघतात असा आराखडा आहे. त्यानंतर टाकीत पाणी चढवायला छोटा पंप लागतोच.

तिसरी आपली स्वदेशी ७०० मेगावॉटची जड पाण्याची (साध्याऐवजी जड हायड्रोजनचं पाणी वापरणारी) भट्टी. गुजरातेत काकरापारला अशा दोन चालू आहेत, आणि गोव्याच्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगाला ५ आणि ६ क्रमांकासाठी हाच नमुना आहे. हिच्यात डिझेलही आहेत आणि उंचावर पाण्याच्या टाक्याही. बाष्पजनित्रातली (भट्टीच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करणाऱ्या भांड्यातली) वाफ टाकीतल्या नळ्यांत जाते, गार होऊन पाणी होते आणि उताराने परत खाली येते. हे एपी १००० सारखे तीन दिवस चालत नाही, काही तासांचं काम आहे. पण ही भट्टी लहान. तोच टँकरचा हिशेब लावला तर दुसऱ्या दिवशी इथे एक टँकर चाळीस मिनिटं पुरतो, एपी १००० ला साधारण पंचवीस. चुकलेल्या तासाची किंमत इथे कमी.

कागदावर एपी १००० जिंकते. मलाही आधी तसंच वाटलं. मग प्रत्यक्षात वादळांनी काय केलं ते पाहिलं.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रावरूनच गेलं. वादळ येणार हे माहीत असल्याने भट्ट्या काही तास आधी बंद केल्या होत्या. बाहेरची वीज पाच दिवसांहून जास्त गेली. या काळात डिझेलांनी काम केलं, मोठी इजा झाली नाही. पण एक पाण्याची टाकी कोसळून आग विझवायची यंत्रणा निकामी झाली, बाहेरच्या जगाशी संपर्क चार तास तुटला, आणि केंद्राकडे येणारा रस्ता पडझडीने बंद झाला. पाच दिवस, म्हणजे ७२ तासांच्या पलीकडे आणखी दोन. गुरुत्वाकर्षण पहिले तीन दिवस काढून देईल, पुढचे दोन कोणाला तरी पंप आणि डिझेल घेऊन त्या रस्त्याने यावंच लागेल.

डिझेलवर विसंबणाऱ्यांनी तैवानचं मानशान पाहावं. १८ मार्च २००१ ला समुद्रावरून आलेल्या खाऱ्या धुक्याने तारांच्या इन्सुलेटरवर मीठ बसलं आणि मुख्य वाहिन्या गेल्या. चक्रीवादळ नव्हतं, नुसतं खारं वारं. कोकणात ज्याच्या घराच्या खिडकीच्या गजांना गंज चढलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. मागोमाग केंद्रातल्या स्विचगिअरमध्ये (वीज जोडायच्या-तोडायच्या पेट्यांत) आग लागली आणि एकाच भट्टीचे दोन्ही डिझेल कामी आले नाहीत. जवळपास दोन तास अंधार. शेवटी दोन्ही भट्ट्यांसाठी सामाईक ठेवलेला पाचवा डिझेल जोडला तेव्हा वीज आली. ईपीआरमध्ये चारावर आणखी दोन वेगळे डिझेल का, याचं उत्तर इथे मिळतं.

फ्रान्समधल्या ब्लाये केंद्राची गोष्ट मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे यंत्रं फसली नाहीत, जागा फसली. २७ डिसेंबर १९९९ च्या वादळात भरती आणि वारा एकत्र आले, खाडीचं पाणी बांधावरून आत आलं. तारा गेल्या, डिझेल सुरू झाले, तिथपर्यंत ठीक. पण केबल आणि पाइप भिंतीतून जातात त्या फटींतून पाणी तळघरांत उतरलं आणि पहिल्या भट्टीचे थंड पाण्याचे निम्मे पंप बुडाले. वारा वीज तोडतो, तर पाणी त्या विजेवर चालणारी यंत्रंच बुडवतं. फुकुशिमाला २०११ मध्ये तेच मोठ्या प्रमाणात झालं. तिथे १३ पैकी १२ डिझेल बंद पडले, आणि जो एक वाचला तो समुद्राच्या पाण्यावर नव्हे, हवेवर गार होणारा होता.

त्या दृष्टीने माडबनचा सडा चांगला. समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर. डिझेल वर राहिले तर लाटेचा प्रश्न बराचसा सुटतो. पंपघर मात्र समुद्राजवळच लागणार. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या कल्पक्कम केंद्रात नेमकं पंपघरातच पाणी शिरलं होतं. भट्टी सुरक्षित बंद झाली, पण दुबळी जागा कुठली ते दिसलं.

आणि स्वदेशी भट्टीबद्दल नाक मुरडणाऱ्यांसाठी नरोरा. उत्तर प्रदेशातल्या या केंद्रात ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या, पहिली भट्टी १७ तास विजेशिवाय राहिली. वादळाचा संबंध नव्हता, पण स्थिती तीच, किंबहुना वाईट, कारण डिझेल असून वीज न्यायला केबलच नव्हत्या. नियंत्रण कक्ष धुराने भरला. कर्मचाऱ्यांनी हातात टॉर्च घेऊन वर चढून हाताने झडपा उघडल्या. आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडलं, आणि आतलं जड पाणी पंपाशिवाय, तापून वर आणि निवून खाली, असं आपोआप फिरत राहिलं. इंधन वाचलं. जी युक्ती तेव्हा नाइलाजाने केली, ती ७०० मेगावॉटच्या भट्टीत टाक्यांच्या रूपाने आराखड्यातच आली आहे.

माझा कौल विचाराल तर: प्रश्न एका रात्रीचा असेल तर एपी १०००. प्रश्न आठवड्याचा असेल, आणि कोकणातल्या वादळाचा प्रश्न आठवड्याचाच असतो, तर दोन्ही सोयी असलेली लहान भट्टी मला जास्त झेपणारी वाटते. ईपीआर नाकारण्याजोगी नाही, पण तिथे माझे प्रश्न डिझेलबद्दल असतील. सहा भट्ट्या एकाच सड्यावर, म्हणजे मोठेच जनरेटर चोवीस. इंधन किती दिवसांचं? ते गार होणार समुद्राच्या पाण्यावर की हवेवर? पूर्ण भारावर सलग किती तास चालवून बघतात? उत्तर तासांत आणि दिवसांत मिळालं पाहिजे. ‘जागतिक दर्जाची’ हे उत्तर नव्हे.

मावसभावाने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “ते डिझेल-बिझेल ठीक आहे रे. तिसऱ्या दिवशी टँकर येणार कुठून? पावसाळ्यात आमचा रस्ता तर नुसत्या एका झाडाने बंद होतो.” म्हटलं, हा प्रश्न पहिला विचार.