छोट्या लेथवर घरची लाटणी आणि रव्या: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेला टेबलावरचा छोटा वूड लेथ (लाकूड गरागरा फिरवत कातायचं यंत्र) आता पावसाळाही काढत आलाय. उन्हाळ्यात सगळीच यंत्रं बरी चालतात. कोकणातल्या आषाढ-श्रावणात त्याच्या लोखंडाचं आणि त्यावर केलेल्या वस्तूंचं काय होतं, ते बघूनच लिहायचं असं ठरवलं होतं. कंपनीचं नाव देत नाही. याच बनावटीची मशीनं वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी मिळतात, तेव्हा नावापेक्षा मापं बघितलेली बरी.

माझ्याकडच्या लेथचा स्विंग १० इंच आहे, म्हणजे जास्तीत जास्त १० इंच व्यासाचं लाकूड बेडला, म्हणजे खालच्या लोखंडी पाटाला, न घासता फिरतं. लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या दोन सेंटरांमध्ये १८ इंच जागा आहे. मोटर अर्ध्या एचपीची, घरच्या २३० व्होल्टच्या प्लगवर चालणारी. स्पीड डायलनं कमी-जास्त होतो. लाटणं, रवी, पळीची मूठ, मिठाचा डबा, पावभाजीचा मॅशर एवढ्या कामाला हा लेथ पुरून उरतो. पोळपाटाला पुरत नाही, त्याचं पुढे लिहिते.

मी सुतारकाम शिकलेली नाही. मात्र रोज पोळ्या लाटते, आणि सुरुवात लाटण्यापासूनच झाली. सासूबाईंच्या बोटांचे सांधे धरलेत. बाजारातल्या लाटण्यांच्या मुठी इतक्या बारीक असतात की त्यांना मूठ पूर्ण आवळावी लागते आणि चार पोळ्यांत हात दुखून येतो. त्यांच्यासाठी केलेल्या लाटण्याची मूठ २८ मिलिमीटर जाड, मध्ये किंचित फुगीर आणि टोकाला गोल आहे. मूठ आवळायची गरजच उरत नाही, तळहातानं ढकललं की काम होतं. माझ्या लाटण्याची मूठ २२ मिलिमीटर आहे आणि मला तीच बरोबर बसते. एका घरातल्या दोन बायकांना दोन मापांची लाटणी लागतात. लेथ घरात असण्याचा खरा फायदा मला हा वाटतो. पैसे वाचवायला कुणी लेथ घेऊ नये, वाचत नाहीत.

पोटाचा आकारही तितकाच महत्त्वाचा. पोळीचं लाटणं मधे ३२ आणि पोटाच्या दोन्ही कडांना २६ मिलिमीटर केलं, तर हाताचा दाब थोडा इकडे-तिकडे झाला की पोळी आपोआप फिरते, ती उचलून फिरवावी लागत नाही. हा उतार सलग हवा. मध्येच सपाटी राहिली तर तिथे पोळी जाड राहते. पापडाला उलट. तिथे सरळ, बिनमुठीचं, १८-२० मिलिमीटरचं लाटणं लागतं. पुरणपोळीसाठी मी जरा जड लाकडाचं वेगळं लाटणं ठेवलंय. त्याच्या वजनानंच पोळी पसरते, वरून दाब द्यावा लागत नाही आणि पुरण फुटून बाहेर येत नाही.

लाटणं कातताना डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना कर्णरेषा मारून मध्य काढायचा, एका टोकात हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या बाजूच्या) सेंटरचे चार दात लाकडी हातोडीनं बसवायचे, दुसरीकडून टेलस्टॉक (समोरचा सरकता आधार) आवळायचा. रफिंग गाऊज (कोपरे उडवायचं रुंद, खोलगट पात्याचं हत्यार) लावली की कोपरे पात्यावर आपटून टकटक आवाज येतो. कोपरे जातात तसा आवाज जवळजवळ येत शेवटी एकसंध होतो. मशीन थांबवून बघायचीही गरज नसते, आवाज सलग झाला म्हणजे तुकडा गोल झाला. मग स्पिंडल गाऊजनं (अरुंद, खोलगट पात्याच्या हत्यारानं) मुठीचे खळगे, आणि पोटावरून शेवटचा हात स्क्यू चिझलचा, म्हणजे तिरप्या धारेच्या सपाट पटाशीचा. स्क्यूला धार असेल आणि पात्याची उतरती बाजू लाकडाला टेकून चालली असेल, तर कागदासारखे पातळ लांब छिलके निघतात आणि खालचा पृष्ठभाग इतका नितळ येतो की भरड पेपर सोडून थेट २४० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरपासून सुरुवात करता येते.

पापडाच्या लाटण्याला वेगळी अडचण येते. लांबी जाडीच्या दहापटीपुढे गेली की तुकडा मधे थरथरतो आणि त्यावर मळसूत्रासारख्या तिरप्या लाटा उठतात. डावा तळवा मागून अगदी हलका टेकवून आधार दिला की थरथर थांबते. तळवा भाजायला लागला तर दाब जास्त होतोय. हा आधार उघड्या हातानंच द्यायचा. लेथवर हातमोजा कधीही घालू नये, फिरतं लाकूड मोज्यासकट हात ओढून नेतं. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, लोंबती बाही, मोकळे केस यांनाही तोच नियम. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड लागते, नुसता चष्मा पुरत नाही.

स्पीडसाठी एक ठोकताळा आहे: इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) हा आकडा ६,००० ते ९,००० मध्ये ठेवायचा. दीड इंची लाटण्याला त्या हिशेबानं ४,००० ते ६,००० येतं, पण मी खडबडीत काम १,२०० वर आणि शेवटचा हात २,००० च्या आसपास करते. सडपातळ लाकडाला त्याहून जास्त स्पीड मला पटत नाही.

रवी हे या लेथवरचं माझं सर्वात आवडतं काम. दांडा आणि खालचा बोंडासारखा गोळा एकाच लाकडातून निघतो, जोड नाही, त्यामुळे सैल होण्याचा प्रश्न नाही. पाकळ्या मात्र लेथ पाडत नाही, त्या करवतीनं कापून कानशीनं गोल कराव्या लागतात. इथे हेडस्टॉकवरची इंडेक्स पिन (फिरता दांडा ठरावीक भोकांत अडकवून ठेवणारी खुंटी) फार कामाची. २४ भोकांपैकी प्रत्येक चौथ्या भोकात पिन अडकवून टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या) कडेनं पेन्सिलची रेघ ओढली की सहा पाकळ्या अगदी समान आखल्या जातात. पाकळ्या असमान झाल्या की रवी घुसळताना हातात डगडगते आणि ताक बाहेर उडतं. पाकळ्यांमधल्या फटी मी हल्ली बोट जाईल एवढ्या रुंद ठेवते. पहिल्या रवीच्या फटी अरुंद होत्या, त्यात लोण्याचे कण राहायचे आणि जुलैत तिथे काळी बुरशी आली. रुंद फटींची रवी धुऊन, पाकळ्या वर करून उभी ठेवली की पावसातही सुकते.

लाकडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मशीनइतकाच फरक त्यानं पडतो. रवीला शिवण उत्तम: फिकट, हलकं, वास नाही, आणि हवामान बदललं तरी फारसं वाकत नाही. सागाच्या रवीनं ताकाला बरेच दिवस वास दिला, ती आता नुसत्या वरणाला वापरतो. लाटण्याला शिसव आणि बाभूळ दोन्ही छान. जड, घट्ट, पीठ धरून न ठेवणारी. फणसाचं लाकूड कातताना पिवळंधमक दिसतं आणि उजेडात राहून तपकिरी होत जातं. माझं फणसाचं लाटणं आता मधाच्या रंगाचं झालंय आणि मला ते जास्त आवडतं. आंबा स्वस्त आणि सहज मिळणारा, पण रेषे जरा भरड असल्यामुळे धार थोडी जरी गेली तरी रेषे उपटून येतात. मॅशर आणि मुठींना चालतो.

लाकूड मुरलेलं हवं. वखारीत साधारण हिशेब सांगतात की एक इंच जाडीला एक वर्ष. ओल्या फांदीचं लाटणं कातायला लोण्यासारखं मऊ लागतं आणि वाळताना वाकतं किंवा चिरतं. टोकांना मेण लावून सावलीत ठेवलेल्या तुकड्यांना तडे कमी गेले. लाकूड आणताना कायदाही ध्यानात ठेवावा. साग, आंबा, फणस, चिंच ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या परड्यातलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते. माझं बहुतेक लाकूड वखारीतल्या कटपीसचं आणि जुन्या खिडक्या-चौकटींचं. जुन्या चौकटीत खिळे असतात, लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी ते मशीनवर चढवत नाही. कण्हेरीच्या लाकडाला मात्र हात लावू नये, ते विषारी आहे.

भुसा हा दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. शिसवाच्या भुशानं मला मनगटाला खाज सुटते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवलाय. पेपर मारताना उडणारी बारीक धूळ सर्वात वाईट, तेव्हा एन-९५ मास्क आणि उघडा पडवीचा भाग हे मी ठरवूनच ठेवलंय.

आता पोळपाट. व्यासाला जागा कशीबशी पुरते, पण साडेनऊ इंची फळी फिरायला लागली की अर्ध्या एचपीची मोटर कडेला दम टाकते आणि अख्खं टेबल हलतं. टेबलाखाली वाळूच्या गोण्या ठेवल्यावर हादरे कमी झाले, मोटरची ताकद तेवढीच राहिली. दुसरी गोष्ट लाकडाची. रुंद एकसंध फळी रेष्यांच्या आडव्या दिशेनं फुगते आणि आकसते, त्यामुळे मार्चमध्ये अचूक गोल आणि सपाट असलेला पोळपाट जुलैत किंचित लंबगोल झाला आणि मधे उचलला. पोळी लाटताना तो डुगडुगतो. पोळपाट मोठ्या लेथवाल्या कारागिराकडूनच करून घ्यावा हे माझं स्पष्ट मत.

पॉलिशबद्दल. पेपर मारून झाल्यावर वस्तू ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यायची, दबलेले रेषे उभे राहतात, पुन्हा ३२० चा पेपर. असं दोन-तीनदा केलं की नंतर धुतल्यावर लाटणं खरखरीत होत नाही. त्यावर कच्चं जवसाचं तेल मी वापरते. ते हवेतल्या प्राणवायूनं खरोखर घट्ट होतं, मात्र पावसाळ्यात त्याला आठवडे लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. मी ते पाण्यात भिजवून मगच टाकते. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही आणि खवट होतं. खोबरेलही सुकत नाही, पण लवकर खवट होत नाही, म्हणून पळ्यांच्या मुठींना महिन्यातून एकदा तेच चोळते.

लाखेबद्दल इथे सगळेच विचारतात, कारण सावंतवाडीची चितारआळी आणि तिथली रंगीत लाकडी खेळणी आमच्या भागाचा अभिमान आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावर फिरत्या लेथवरच लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानानं तिला चकाकी आणतात. ही झळाळी दुसऱ्या कशानं येत नाही. तरी गरम वरणात जाणाऱ्या रवीला किंवा तव्याजवळच्या वस्तूला लाख लावू नये, ती उष्णतेनं मऊ पडते आणि साबण-सोड्यानं निघते. मिठाच्या डब्याच्या झाकणाला मी लावली, ती जशीच्या तशी आहे.

मशीनच्या तक्रारी. टूल रेस्टची वरची कड ओबडधोबड आली होती, हत्यार तिच्यावर अडखळायचं. कानशीनं घासून मेण लावल्यावर ठीक. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं समोरासमोर आणली तर केसभर चुकत होती. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तेवढं चालतं असं उत्तर आलं. दोन सेंटरांमधल्या कामाला ते चालतं खरं, पण टेलस्टॉकमधून भोक पाडताना ते भोक मोठं येतं. घेताना दुकानातच टोकाला टोक लावून बघा.

चांगली बाजू स्विचची. आमच्याकडे लाइट वरचेवर जाते. परत आल्यावर हे मशीन आपणहून सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. हत्यार टेकवलेलं असताना लाइट आली तर काय होईल याचा विचार करा आणि असा स्विच नसेल तर ते मशीन घेऊ नका.

पावसात बिडाच्या बेडवर पहिल्याच आठवड्यात गंज दिसला. तो तेल लावून पुसला, आणि मग मेणाचा हात देऊन वर सुती चादर टाकायला लागले. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते. त्यानंतर गंज आलेला नाही.

खर्च चाळीस हजारांच्या आत लेथ, आणि त्यावर हत्यारं, शिल्ड, ग्राइंडर. ग्राइंडर ऐच्छिक समजू नये. बाभळीचं एक लाटणं होईपर्यंत गाऊज दोनदा तरी धारेला लागते. माझी रफिंग गाऊज ४५ अंशांवर आहे, आणि तो कोन दर वेळी तोच यावा म्हणून ग्राइंडरपुढे लाकडी ठोकळ्याची पट्टी बसवून घेतलीय. हत्यारं एचएसएसचीच (हाय स्पीड स्टीलची) घेतली. साध्या कार्बन स्टीलची धार ग्राइंडरवर निळी पडली की मऊ होते, एचएसएसची होत नाही.

सध्या करवंटीच्या पळ्यांना शिवणीचे दांडे करतेय. दांड्याचं टोक १० मिलिमीटरचं ठेवून करवंटीतल्या भोकात घट्ट बसवते, आतून आडवी बांबूची खुंटी. खिळा नाही आणि डिंकही नाही, त्यामुळे सांबारात बिनधास्त घालता येते.