ड्रॅक्युला की ‘द ज्वेल ऑफ सेव्हन स्टार्स’?

नाशिकला पाऊस लागला, गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीला टेकलं की आमच्या वाचनाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, भीतीदायक काय वाचू? भयकथा लिहिणारा ब्रॅम स्टोकर म्हटलं की सगळे ड्रॅक्युलाच सांगतात. १८९७ चं ते पुस्तक भारीच आहे, डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं यातून गोष्ट सरकते, म्हणजे प्रत्येक पात्राला थोडंथोडंच माहीत आणि आपल्याला सगळं, त्यामुळे धडधडतं. पहिल्यांदा वाचणार असाल तर तेच घ्या.

पण ते झालं असेल तर स्टोकरचंच १९०३ चं ‘ज्वेल’ वाचाच. ‘तेरा’ नावाची इजिप्तची राणी, तिची ममी लंडनच्या घरात, घराचा मालक बेशुद्ध आणि त्याच्या उशाशी रात्रभर जागणारी माणसं. हा जागरणाचा भाग मला ड्रॅक्युलातल्या पाठलागापेक्षा जास्त आवडतो, कारण हल्ला कोण करतंय तेच कळत नाही! मध्ये इजिप्तची माहिती लांबते, ते खरंय.

फक्त आवृत्ती बघून घ्या हं, मूळ शेवट भयंकर काळा आहे, १९१२ च्या आवृत्तीत तो बदलून गोड केलाय. मूळवालाच घ्या.